घ्राण, जिव्हा आणि गुणपत्रक : सिंगल माल्ट व क्राफ्ट बिअरच्या परीक्षणपद्धतीतून आसवारिष्ट-परीक्षेसाठी काय घ्यावे?

आसवारिष्ट सिद्ध झाले की नाही हे कसे ओळखावे, हा प्रश्न पदवी परीक्षेत आम्हांलाही होता आणि आजच्या विद्यार्थ्यांनाही असतो. संधानपात्राला कान लावला असता आवाज येत नाही, पेटती काडी आत धरली असता विझत नाही, प्रक्षेपद्रव्ये तळाशी बसतात, चुन्याची निवळी पांढुरकी होत नाही, ही उत्तरे आपणा सर्वांना मुखोद्गत आहेत. त्यापुढे ‘इष्ट गंध, वर्ण व रसाची उत्पत्ती’ एवढे लिहून आपण उत्तर पूर्ण करतो. हा इष्ट गंध कोणी पाहावा, कशाच्या तुलनेत पाहावा, किती जणांनी पाहावा आणि दोघांचे मत भिन्न पडल्यास काय करावे, हे आम्हांला कोणी विचारले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो काही वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाने. आमच्या चिकित्सालयात नियमित येणाऱ्या एका आजींनी कुमार्यासवाची नवी बाटली सुरू केल्यावर चौथ्या दिवशी तक्रार केली, “डॉक्टर, ह्या खेपेचं औषध लोणच्याच्या खारासारखं लागतंय हो.” आम्ही कपाटातील त्याच खेपेची बाटली काढली, लेबल पाहिले, झाकणभर चाखले आणि म्हणालो, “आजी, औषध आहे, सरबत नव्हे.” पुढील पंधरवड्यात आणखी दोन रुग्णांनी तेच सांगितले. तेव्हा जुन्या खेपेची एक शिल्लक बाटली सापडली म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या, तर नव्या खेपेत शिरक्याचा झोंबरा गंध स्पष्ट होता. आसवाचे शुक्त झाले होते. फार्मसीने ती खेप विनातक्रार परत घेतली. पण आजींची बाटली परत आली नाही. त्यांनी ती संपवली होती, कारण डॉक्टरांनी चांगली आहे म्हणून सांगितले होते. त्यांचा आटोक्यात आलेला अम्लपित्ताचा त्रास पुन्हा उद्भवला, हे वेगळे सांगावयास नको.

तोच द्रव, तीच जिव्हा, तोच वैद्य. मग पहिल्या दिवशी आम्हांला तो दोष का कळला नाही? लेबलावरील परिचित नाव पाहूनच आम्ही चाखले, शेजारी तुलनेला काही नव्हते आणि उत्तर मनात आधीच ठरले होते, असे आज आम्ही मानतो. याच सुमारास आमच्या एका सहाध्यायी वैद्यांचे धाकटे बंधू, जे पुण्यातील एका लहान बिअर-निर्मितीशाळेत गुणवत्तेचे काम पाहतात, त्यांच्याशी बोलण्याचा योग आला. त्यांच्या आग्रहावरून आम्ही एका दुपारी तेथील परीक्षण पाहिले आणि नंतर या विषयावरील जे वाङ्मय मिळाले ते वाचले. प्रस्तुत लेख त्यावर आधारित आहे.

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करतो. आम्ही मद्यपी नाही आणि हा लेख मद्याच्या प्रशंसेसाठी नाही. चरकाचार्यांनी मदात्यय चिकित्सेत मद्याचे दहा गुण सांगून ते ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध असल्याचे दाखविले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जाहीर केले. मात्र चाखणे आणि पिणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ज्यांचा चरितार्थ चाखण्यावर चालतो त्यांनी ती क्रिया आपल्यापेक्षा पुष्कळच अधिक शिस्तीने विकसित केली आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. शिवाय हा विषय आपल्याला परका नाही. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात धान्य, फल, मूल, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वक् व शर्करा अशा नऊ योनींपासून होणारी चौऱ्याऐंशी आसवे मोजून सांगितली आहेत. शार्ङ्गधरांनी एकाच सुरेच्या भांड्यातील वरचा स्वच्छ भाग तो प्रसन्ना, त्याखालील घट्ट ती कादंबरी, त्याखालचा जगल, मग मेदक, असे थरांना स्वतंत्र शब्द दिले. ज्या परंपरेपाशी एवढी परिभाषा होती, तिच्या आजच्या उत्पादनावर ‘चव ठीक’ असा शेरा मारून खेप पुढे पाठविली जाते, ही खेदाची बाब आहे.

पेला, पाणी आणि नाक

आपल्याकडे ‘माल्ट’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून प्रथम व्याख्या पाहू. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनुसार सिंगल माल्ट म्हणजे केवळ मोड आणलेल्या जवापासून, एकाच भट्टीत, तुकडी-तुकडीने ऊर्ध्वपातित केलेले, स्कॉटलंडमध्येच ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिपात किमान ३ वर्षे मुरविलेले आणि किमान ४० टक्के मद्यार्क असलेले मद्य. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर आधी संधान आणि नंतर अर्ककल्पना. आसवारिष्टात ही दुसरी पायरी नसते. तेथे संधानजन्य मद्यार्क साधारणतः पाच ते दहा-बारा टक्क्यांच्या आतच राहतो. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

व्हिस्कीचे परीक्षण मुख्यतः नाकाने होते, हे आम्हांला प्रथम आश्चर्याचे वाटले. मोठ्या कारखान्यांतील मिश्रणतज्ज्ञ असंख्य नमुने हुंगतात. तोंडात घेतात ते फार थोडे. पेला खाली फुगीर आणि वर निमुळता असतो, म्हणजे गंध कडेने विखुरत नाही. ग्लेनकेर्न नावाचा जो पेला २००१ पासून सर्वत्र रूढ झाला तो याच आकाराचा आहे. नाक एकदम आत न खुपसता, ओठ किंचित विलग ठेवून, दुरून जवळ नेतात. त्यानंतर पाणी घालतात आणि गंभीर परीक्षणात मद्यार्क सुमारे २० टक्क्यांपर्यंत खाली आणतात. त्याचे एक कारण सरळ आहे : तीव्र मद्यार्क नाकाला व जिव्हेला झोंबतो आणि अन्य गंध झाकोळून टाकतो. मिरचीतील कॅप्सायसिन ज्या संवेदनाग्राहकाला चेतविते, त्यालाच मद्यार्कही चेतवितो, असे संशोधनातून दिसून आले आहे. आपण मद्याला उष्ण-तीक्ष्ण म्हणतो ते किती यथार्थ आहे, पहा. दुसरे कारण सूक्ष्म आहे. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या कार्लसन व फ्रीडमन या दोघांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीने दाखविले की, धुराचा गंध देणारे ग्वायकॉल हे द्रव्य, मद्यार्क ४५ टक्के वा त्याहून कमी असताना द्रवाच्या पृष्ठभागाशी अधिक राहते. मद्यार्क त्याहून वाढल्यास ते आत ओढले जाते. म्हणजे पाणी घातल्याने गंध नुसता पातळ होत नाही, काही गंध वरही येतात.

हे ग्वायकॉल येते कोठून? आयला बेटावर व अन्य काही ठिकाणी मोड आणलेले जव पीटच्या धुरावर वाळवितात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके साचलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर. त्याच्या धुरातील फिनॉलवर्गीय द्रव्ये धान्यात मुरतात. अशा व्हिस्कीचे वर्णन करताना परीक्षक ‘औषधी’, ‘आयोडीनसारखा’, ‘मलमपट्टीसारखा’ असे शब्द वापरतात आणि ते स्तुतीचे शब्द असतात! संधानपात्राला धूपन देण्याची आपली प्रथा जाणणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पात्राचेही तसेच. ओकचे पीप आतून जाळून वा शेकून घेतात. त्यातून व्हॅनिलाचा, ओल्या खोबऱ्याचा गंध येतो. ज्या पिपात पूर्वी शेरी नावाचे द्राक्षमद्य होते त्यातून मनुका-खारकांचा. घृतलिप्त मृत्पात्र सोडून सागाच्या टाक्या, सागाच्या सोडून पोलादी टाक्या असा आपल्या फार्मसींचा प्रवास झाला. त्यात गंध-रसात काय फरक पडला याची नोंद किती जणांनी ठेवली आहे? आम्ही विचारणा केली तेथे तरी ती सापडली नाही.

वर्णाविषयी मात्र व्हिस्कीवाले सावध असतात. स्कॉच व्हिस्कीत रंगासाठी कॅरॅमल घालण्यास मुभा आहे. त्यामुळे गडद रंग हा वयाचा पुरावा ठरत नाही. रंगाने मन कलुषित होऊ नये म्हणून निळ्या काचेचे पेलेही वापरतात. ही भीती अनाठायी नाही. फ्रान्समधील बोर्दो येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५४ मद्यशास्त्र-विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन रंगाने लाल करून दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला लावतात त्या शब्दांत केले. नाकाने जे आणून दिले ते डोळ्याने बदलून टाकले. आमच्या हातातील कुमार्यासवाच्या बाटलीवर तर नावही छापलेले होते.

रस आणि अनुरस

व्हिस्कीच्या वर्णनात गंध, मुखातील अनुभव आणि ‘फिनिश’ असे तीन टप्पे असतात. घोट गिळल्यावर वा थुंकल्यावर जे मागे रेंगाळते ते फिनिश. ते किती काळ टिकते आणि त्यात काय बदल होतो हे वेगळे लिहितात. आम्ही हे वाचले तेव्हा चरकसूत्राचा सव्विसावा अध्याय उघडला. प्रारंभी जिव्हेवर पडताच व्यक्त होतो तो रस आणि जो अव्यक्त राहून मागाहून जाणवतो तो अनुरस, हा भेद तेथे आहेच. त्याच अध्यायात प्रत्येक रसाने मुखात काय घडते याचे जे वर्णन आहे, ते कोणत्याही परीक्षणशाळेच्या भिंतीवर लावावे इतके नेमके आहे. मधुर रस मुखाला लिंपतो. अम्लाने दात आंबतात व तोंडाला पाणी सुटते. लवणाने मुख ओले होऊन दाह होतो. कटूने जिव्हाग्र टोचते आणि नाक-डोळे वाहतात. तिक्त जिव्हेची अन्य रस घेण्याची शक्ती हरण करतो. कषायाने जिव्हा जड व स्तब्ध होते. आधुनिक शास्त्र कटू व कषाय यांना रस न म्हणता स्पर्शसंवेदना म्हणते. तो वाद येथे नको. परीक्षकाच्या उपयोगाचे एवढेच की, ‘चव ठीक’ या शब्दांऐवजी लिहिण्यास आपल्याजवळ सहा रस, त्यांची मुखातील लक्षणे आणि अनुरस एवढी सामग्री तयार आहे. स्कॉटलंडमधील पेंटलंड्स या संशोधनसंस्थेला व्हिस्कीच्या गंध-रसांचे चक्राकार कोष्टक करण्यासाठी १९७९ साल उजाडावे लागले.

तिक्त रसाविषयीचे निरीक्षण तर थेट कामाचे आहे. परीक्षणाचा क्रम नेहमी सौम्याकडून तीव्राकडे असतो. कडवट बिअर व धुराची व्हिस्की शेवटी. तिक्ताने जिव्हा बधिर होते म्हणून. आपण मात्र द्राक्षारिष्टाचा नमुना कुमार्यासवानंतर चाखतो आणि द्राक्षारिष्ट ‘जरा फिके’ असल्याचा शेरा देतो.

बिअर अधिक उपयोगाची

व्हिस्कीच्या परीक्षणाला वलय अधिक आहे. परंतु आसवारिष्ट-निर्मात्याला शिकण्यासारखे बिअरकडून अधिक मिळते, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. व्हिस्कीतील संधानजन्य दोषांपैकी पुष्कळसे ऊर्ध्वपातनात व पिपातील वर्षांत मागे पडतात. बिअर मात्र आसवाप्रमाणेच संधान होऊन, गाळून, बाटलीत जाते. जे बिघडले असेल ते त्यातच राहते. म्हणूनच बिअरवाल्यांनी दोषांचा अभ्यास रोगनिदानासारखा केला आहे. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या मॉर्टन मीलगार्ड यांनी १९७० च्या दशकात बिअरच्या गंध-रसांचे जे चक्र तयार केले, त्यात चौदा वर्ग आणि शंभराहून अधिक संज्ञा आहेत आणि प्रत्येक संज्ञेमागे शक्य तेथे एक रासायनिक द्रव्य नेमलेले आहे.

त्या दुपारी आम्हांला दाखविलेली गोष्ट अशी. एकाच निर्दोष बिअरचे सहा पेले मांडले होते. पाचांत प्रत्येकी एकेक दोषद्रव्य अत्यल्प मात्रेत मिसळलेले, सहावा शुद्ध. एकात हिरव्या सफरचंदाचा कच्चा वास, तो ॲसिटाल्डिहाइडचा. संधान अपुरे असताना बिअर काढली की असा वास येतो. दुसऱ्यात लोण्याचा, तो डायॲसिटिलचा. किण्वाला आपले काम पुरे करू दिले नाही किंवा जीवाणूंचा शिरकाव झाला की तो उरतो. तिसऱ्यात शिरका. चौथ्यात नखांचे रंग पुसण्याच्या द्रवासारखा वास, जो इथाइल ॲसिटेटमुळे येतो. पाचव्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा. बाटलीत हवा राहून बिअर जुनी झाली की तो येतो. नवीन परीक्षकाला या रीतीने एकेक वास नावासह शिकवितात आणि मग नाव न सांगता ओळखावयास लावतात. आपल्या अभ्यासक्रमात द्रव्यगुणाच्या वनस्पती अशाच ओळखावयास लावतात. बिघडलेले आसव मात्र विद्यार्थ्याच्या नाकाखाली कधीच येत नाही.

एक शंका येथे स्वाभाविक आहे : एखादा वास दोष की गुण, हे ठरवावयाचे कोणी? बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये लवंगेचा व पिकल्या केळ्याचा गंध हवाच असतो, तिच्या किण्वाचे ते वैशिष्ट्यच आहे. तोच लवंगेचा गंध पिल्सनर प्रकारच्या फिकट बिअरमध्ये आला तर ती नापास. (तो गंध देणारे द्रव्य वर सांगितलेल्या ग्वायकॉलच्याच कुळातले आहे, आपल्या लवंगेतील युजेनॉलही त्याच घराण्यातले.) म्हणून बिअरची परीक्षा ‘मला आवडली का’ या कसोटीवर होत नाही, ‘ही ज्या प्रकारची म्हणवते त्या प्रकारची आहे का’ या कसोटीवर होते. कुमार्यासवाचा तिक्त रस हा त्याचा स्वभाव आहे. तोच द्राक्षासवात आढळला तर चौकशी करावी लागेल. प्रत्येक योगाचा अपेक्षित रस, अनुरस व गंध आधी लिहून ठेवल्याखेरीज परीक्षण सुरूच होऊ शकत नाही.

गुणपत्रकाची मर्यादा

शंभरपैकी गुण देण्याची प्रथा व्हिस्कीत लोकप्रिय करणाऱ्यांत मायकेल जॅक्सन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. हे गायक नव्हेत. हे यॉर्कशरमध्ये जन्मलेले पत्रकार (१९४२-२००७), ज्यांनी १९७७ मध्ये जगातील बिअरवर आणि १९८९ मध्ये माल्ट व्हिस्कीवर मार्गदर्शक ग्रंथ लिहिले. बिअरच्या स्पर्धांसाठी अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या परीक्षक-प्रमाणन कार्यक्रमाचे पत्रक पन्नास गुणांचे आहे : गंधाला १२, दर्शनाला ३, मुखातील गंध-रसाला २०, मुखस्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. दर्शनाला केवळ ३ गुण, हे आम्हांला विशेष वाटले. आपल्याकडे बाटली उजेडात धरून पाहण्यातच निम्मे परीक्षण संपते.

अशा गुणांनी काय घडू शकते याचे उदाहरण आपल्या देशातलेच आहे. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजने आपली सिंगल माल्ट प्रथम २००४ मध्ये ग्लासगो येथे विक्रीस आणली. भारतीय माल्टला तेव्हा तिकडे कोणी विचारात घेत नव्हते. पुढे जिम मरे यांच्या व्हिस्कीवरील वार्षिक ग्रंथाच्या २०१० च्या आवृत्तीत ‘अमृत फ्यूजन’ला ९७ गुण व जगात तिसरे स्थान मिळाले आणि चित्र पालटले. १९४८ मध्ये ही संस्था स्थापन करणारे कुटुंब जगदाळे, हे आडनाव आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. उष्ण हवेत पीप लवकर मुरते, पण उडूनही तितकेच जाते; स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे २ टक्के घट होते, बंगळूरात दहा टक्क्यांहून अधिक. कालमानाचा हा देशभेद आपल्या संधानालाही लागू आहे. विदर्भातील उन्हाळा आणि महाबळेश्वरचा हिवाळा यांना एकच ‘महिनाभर ठेवावे’ कसे लागू पडेल?

तथापि गुणांचा आकडा जितका काटेकोर दिसतो तितका तो नसतो. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या वाइन-स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन न सांगता तीनदा दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, तिन्ही वेळा एकाच पदक-गटात गुण देऊ शकणारे परीक्षक दहांत सुमारे एक निघाले. हे लोक अननुभवी नव्हते. त्यामुळे ९१ आणि ९३ गुणांच्या दोन मद्यांत कोणते श्रेष्ठ, यावर वाद घालणे आम्हांला निरर्थक वाटते आणि फार्मसीने असे आकडे जाहिरातीत छापू नयेत असे सुचवितो. गुणपत्रकाचा खरा उपयोग आकड्यात नाही, त्यातील रिकाम्या ओळीत आहे, जेथे परीक्षकाला ‘कसे लागले’ ते शब्दांत लिहावेच लागते.

फार्मसीचा प्रश्न तर त्याहून साधा आहे : ही खेप मागील चांगल्या खेपेपेक्षा वेगळी लागते का? या प्रश्नासाठी १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेत त्रिकोण-परीक्षा रूढ झाली. तीन पेले, दोनांत एक द्रव, तिसऱ्यात दुसरा. पेल्यांवर नाव नाही, केवळ सांकेतिक अंक. वेगळा कोणता, एवढेच सांगावयाचे. नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचे उत्तर बरोबर येणारच; म्हणून सहा परीक्षकांपैकी किमान पाच किंवा बारांपैकी किमान आठ जणांनी बरोबर ओळखले तरच दोन द्रवांत खरा फरक आहे असे मानतात. खर्च काही नाही. यंत्र लागत नाही. अहंकाराला मात्र थोडा त्रास होतो.

तो त्रास आम्ही सोसला. आमच्या गटातील सहा जणांनी दशमूलारिष्टाच्या दोन खेपांवर ही परीक्षा केली. तिघांचे उत्तर बरोबर, तिघांचे चूक. चुकलेल्यांत आम्ही होतो आणि आमच्याहून ज्येष्ठ, संधानकल्पना शिकविणारे एक वैद्यही होते. बरोबर आलेल्यांत फार्मसीत बाटल्या भरणाऱ्या एक ताई होत्या. “वास येतोच की साहेब, रोज येतो,” असे त्या म्हणाल्या. त्यानंतर आम्ही चांगल्या खेपेच्या १०० मिलि नमुन्यात १, २ व ४ मिलि शिरका मिसळून कोणाला कितव्या पेल्यात कळते ते पाहिले. आम्हांला चारच्या पेल्यात कळले, ताईंना एकच्या. खेप शुक्ताकडे झुकली आहे का, हा निर्णय आता त्यांना विचारल्याशिवाय होत नाही.

आचरणात आणावयाच्या काही गोष्टी अनुभवाने सांगतो. परीक्षण सकाळी, न्याहारीनंतर दोन तासांनी करावे. त्या दिवशी परीक्षकाने तंबाखू, पान, चहा-कॉफी व अत्तर वर्ज्य करावे. पडसे असलेल्यास बसवू नये, बोधक कफ दूषित असता रसज्ञान होत नाही. खोली निवडताना हिंग, लसूण वा कापराचे काम जेथे चालते तिच्यापासून दूर निवडावी. आमची पहिली बैठक हिंग्वष्टकाच्या कढईशेजारी झाली आणि ती फुकट गेली. एका बैठकीत पाचांहून अधिक नमुने नसावेत. प्रत्येकी ५ मिलि, समभाग पाणी घालून, आधी हुंगून मग तोंडात घोळवावे व थुंकावे. मध्ये कोमट पाण्याच्या गुळण्या आणि साध्या पोळीचा तुकडा. बोलू नये, चेहराही करू नये. ज्येष्ठाने नाक मुरडले की कनिष्ठांना दोष ‘जाणवू’ लागतो.

मद्याचे व्यसन सोडलेल्या व्यक्तीस या कामावर कदापि बसवू नये. याच अनुषंगाने रुग्णांविषयीही लिहितो, कारण हा प्रश्न वारंवार विचारला जातो. ८ टक्के मद्यार्क असलेल्या अरिष्टाच्या २० मिलि मात्रेत सुमारे १.६ मिलि मद्यार्क असतो. ५ टक्क्यांच्या ३३० मिलि बिअरमध्ये १६.५ मिलि आणि ४३ टक्क्यांच्या ६० मिलि व्हिस्कीत सुमारे २६ मिलि. त्यामुळे ‘अरिष्ट म्हणजे दारूच’ हा आक्षेप प्रमाणाने टिकत नाही. परंतु व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम घेणाऱ्या रुग्णास तेवढाही मद्यार्क चालत नाही, आणि जो नुकताच सुटला आहे त्याच्यासाठी तो गंधच पुरेसा घातक असतो. तेथे क्वाथ वा घनवटी द्यावी.

शेवटची गोष्ट तुलनेच्या बाटलीची. प्रत्येक योगाच्या उत्तम ठरलेल्या खेपेच्या किमान चार बाटल्या गळ्यापर्यंत भरून, मेण लावून, अंधाऱ्या थंड जागी ठेवाव्यात आणि नवी खेप विक्रीस सोडण्यापूर्वी त्यांच्याशी ताडून पहावी. बाटली एकदा उघडली की त्याच आठवड्यात संपवावी, कारण आत शिरलेली हवा तिलाही शुक्ताच्या वाटेला लावते. वैद्यांनी आपल्या चिकित्सालयातही एकेक ठेवावी. आमच्या कपाटात आता कुमार्यासवाची अशी बाटली आहे आणि तिच्यावर लेबल नाही, केवळ एक अंक आहे.